घर शाकारायचंय, पण वर सोलर बसलंय

कोकणात मे महिना आगोटीचा. लाकडं पडवीत रचायची, साठं उन्हात घालायची आणि मृगाच्या आत घर शाकारून घ्यायचं. पूर्वी शाकारणी म्हणजे दोन गडी आणि दोन-तीन दिवस. कौलं उतरवा, फुटकी बाजूला काढा, वाळवीनं खाल्लेली रीप बदला, पुन्हा रचा. आता त्याच छपरावर काचेचे नऊ मोठे तक्ते बसलेले असतात, ते एकमेकांना वायरीनं जोडलेले, वायरीत वीज, आणि नेमका त्यांच्या खालचाच पत्रा गळतोय. मग आधी कोणाला बोलवायचं, पत्रेवाल्याला की सोलरवाल्याला?

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं आमची मंगलोरी कौलं सुरूच्या बनापर्यंत नेऊन टाकली. त्या पावसाळ्यात मिळतील ते पत्रे मिळतील त्या भावात आणून आम्ही घर झाकलं. वीज परत यायला कितीतरी दिवस गेले, त्याचा राग मनात होता, म्हणून २०२१ च्या अखेरीस तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. (लाइट गेली की हे ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेलं सोलरही बंद पडतं, हे बसवल्यानंतर कळलं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून उलट गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरच्या विजेसारखी करणारं यंत्र, आपणहून थांबतो. ते योग्यच आहे, पण ज्या रागानं सोलर घेतलं तो राग तसाच राहिला.) २०२४ च्या पावसात माजघरात बादली ठेवायची वेळ आली आणि २०२५ च्या मेमध्ये सगळं खाली उतरवलं.

मुळात गफलत झाली ती वयाच्या हिशेबात. पॅनल साधारण २५ वर्षं वीज देईल अशी हमी कंपन्या देतात. खाली पातळ पत्रा, तोही खाऱ्या वाऱ्यात. म्हणजे पंचवीस वर्षांचा पाहुणा पाच-सात वर्षांच्या खाटेवर झोपवला. खाट मोडणार, पाहुण्याला उठवावं लागणार, हे बसवतानाच दिसायला हवं होतं.

पॅनल उचलल्यावर खाली जे दिसलं ते मला अपेक्षित नव्हतं. मला वाटायचं, पॅनलच्या सावलीतला पत्रा जास्त टिकेल, कारण त्याला ना ऊन ना पाऊस. झालं होतं उलटं. उघड्यावरच्या पत्र्याचा निळा रंग फिका पडला होता, पण पत्रा शाबूत होता. पॅनलखालच्या पत्र्यावर पांढरट पीठ धरलेलं, सुरूच्या वाळक्या सुया चिकटून त्यांची गादी झालेली, आणि गादी बाजूला केली की खाली भोकं. कारण साधं आहे. वाऱ्याबरोबर मीठ सगळीकडे येऊन बसतं. उघड्या पत्र्यावरचं मीठ प्रत्येक सरीला धुऊन जातं, पॅनलखालचं तसंच राहतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, पालापाचोळा तो धरून ठेवतो, आणि पत्रा बारा महिने ओल्या मिठात मुरत पडतो, बरणीतल्या कैरीसारखा. गंज लागायला पाऊसच लागतो असं नाही, ओल आणि मीठ एवढं पुरतं. एका पॅनलच्या मागे गांधीलमाश्यांचं पोळंही निघालं, तेव्हा किनाऱ्यावर पॅनल उतरवताना पहिला हात जपून.

आता उतरवण्याबद्दल. आमचा पत्रेवाला म्हणाला, "दादा, कशाला सोलरवाल्याला पैसे देताय? चार पोरं आणतो, दोन तासांत खाली." तो प्रामाणिक माणूस आहे, पत्र्याच्या कामात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण पॅनल ही बंद करता येणारी वस्तू नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. पंख्याचं बटण बंद केलं की पंखा मेला. पॅनलला बटणच नाही. काचेवर उजेड पडतोय तोवर त्याच्या दोन टोकांत व्होल्टेज असतंच, मग ते छपरावर असो की अंगणात टेकवून ठेवलेलं.

हे व्होल्टेज किती? टॉर्चमध्ये सेल एकामागे एक घालतो तेव्हा दीड-दीड व्होल्ट जोडले जातात. पॅनलही तसेच माळेत ओवलेले असतात. आमच्या ३३५ वॅटच्या एका पॅनलवर, मागच्या कागदावर, ४६ व्होल्ट छापलेत. नऊ गुणिले ४६, म्हणजे चारशेच्या वर. हा छापील आकडा २५ अंश तापमानाचा. पॅनल तापलं की व्होल्टेज थोडं उतरतं, म्हणून मेच्या उन्हात प्रत्यक्ष माप कमी येतं. तरी माणूस मरायला ते भरपूर आहे.

शिवाय ही वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते. त्यामुळे चालू प्लग ओढला तर ठिणगी उडते आणि लगेच विझते. डीसीला ती विझण्याची फट मिळतच नाही. विजेचा प्रवाह चालू असताना पॅनलचा जोड ओढून काढला तर दोन टोकांमध्ये वेल्डिंगसारखी ज्योत लागते आणि ती लागलेलीच राहते. हात भाजतो, प्लॅस्टिक वितळतं, पोरगं दचकून मागे सरतं आणि मागे पत्र्याचा उतार असतो.

म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी इन्व्हर्टर बंद, मग एसीचा ब्रेकर, मग डीसीचा आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडणारा खटका. इन्व्हर्टरच्या पोटात वीज साठवणारे कपॅसिटर असतात, ते रिकामे होईपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबायचं. मग वायरीभोवती क्लॅम्पमीटर लावून प्रवाह शून्य आहे ना ते बघायचं, आणि त्यानंतरच जोड सोडवायचे. हे जोड, ज्यांना एमसीफोर म्हणतात, नुसते ओढून निघत नाहीत. दोन्ही बाजूंच्या बारीक कानांना त्याच्या पान्यानं दाबावं लागतं. पान्याऐवजी पकडीनं उपटणारा माणूस दिसला तर त्याला तिथेच थांबवा, कारण मोडलेला कान परत बसवताना कुणाला आठवत नाही. माळेतले सगळे जोड सुटले की ४६-४६ व्होल्टचे सुटे तुकडे उरतात, त्यांचा धोका फार कमी. सकाळी लवकर काम सुरू करावं असं सगळे सांगतात, ते विजेपेक्षा पत्र्यासाठी. दहानंतर पत्र्यावर हात ठेववत नाही.

उतरवण्याआधी मी दोन गोष्टी केल्या, आणि पुढे दुसरीनं मला वाचवलं. पहिली, खडूनं प्रत्येक पॅनलच्या मागे नंबर घातला, मोबाइलवर सगळ्या जोडांचे फोटो काढले आणि पॅनलचे सिरियल नंबर वहीत लिहिले. वॉरंटीचा दावा त्या नंबरावर चालतो. दुसरी, सोलरवाल्याच्या मुलाला सांगून सकाळी दहा वाजता पूर्ण माळेचं व्होल्टेज मापायला लावलं. मीटरवर आलं ३७२. नऊनं भागलं तर पॅनलमागे ४१ च्या पुढे. ते वहीत टिपून ठेवलं.

साडेतीन वर्षांत पॅनल आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट खाऱ्या हवेनं असे धरले होते की पाना फिरेना. मग येतो ग्राइंडर. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. ते काचेवर पडले तर चिकटून बसतात, पुसून निघत नाहीत, आणि रंगीत पत्र्यावर पडले तर पहिल्या पावसात जागोजागी तांबडे ठिपके उठतात. आम्ही शेजारच्या काचांवर ओली गोणपाटं पसरली. नव्या पत्र्याला ड्रिल मारल्यावर उरणारा किसही त्याच दिवशी झाडून काढायचा, नाहीतर नवा पत्रा महिन्याभरात जुना दिसतो.

एक पॅनल साधारण दोन मीटर बाय एक मीटर, वजन बावीस किलोच्या आसपास. नवी पाचशे वॅटच्या वरची पॅनलं याहून मोठी आणि जड. दोन माणसांनी चौकटीला धरून उचलायचं, वायरीला किंवा मागच्या डबीला धरून कधीच नाही. आणि काचेवर गुडघा टेकवायचा नाही. काच फुटत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही. आतली सिलिकॉनची चकती पापडाइतकीही जाड नसते, तिला केसासारखी चीर जाते. डोळ्यांना दिसत नाही, वीज मात्र हळूहळू कमी होते. खाली आणल्यावर पॅनलं आडवी एकावर एक रचू नका. लांब कडेवर उभी करा, भिंतीला किंचित टेकवून, खाली जुनी गोधडी किंवा लाकडी पट्टी आणि दोन पॅनलांच्या मध्ये पुठ्ठा. आम्ही ओटीवर ठेवली. आधी आंब्याखाली सावलीत ठेवायचं ठरत होतं. मे महिन्यात, आंब्याखाली! जोडांची उघडी तोंडं टोपीनं किंवा टेपनं बंद करा, मुंग्यांना ती भोकं घरासाठी फार आवडतात.

छपराचं काम चालू असताना सोलरवाल्यानं एकदा तरी येऊन बघावं, यासाठी भांडा. कारण पॅनलाचे पाय नेमके कुठे येणार, हे पत्रा पडण्याआधी ठरलं पाहिजे. पाय पर्लिनवर आला पाहिजे, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीवर. नुसत्या पत्र्यात मारलेला स्क्रू वादळात पत्र्यासकट उठतो, कारण पॅनलखाली शिरलेला वारा त्याला शिडासारखं वर उचलतो. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, पाणी वाहतं त्या खोलगट पट्ट्यात नाही. त्याखालचं रबरी वायसर चांगल्या प्रतीचं, आणि ते दबलं पाहिजे, चेंगरलं नाही पाहिजे. स्क्रू इतका आवळायचा की वायसर कडेनं किंचित फुगलेलं दिसेल. त्यापुढे एक वेढा जास्त गेला की रबर चिरतं आणि गळती तिथूनच सुरू होते. आमच्या जुन्या छपराची निम्मी गळती ही होती. जुनी भोकं, जुने बोल्ट, जुने क्लॅम्प पुन्हा वापरू नका. पॅनलखालची अ‍ॅल्युमिनियमची जुनी रेल चालते, स्टेनलेसचे बोल्ट नवे घ्या, त्यांना थोडं ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वेळी ग्राइंडर लागणार नाही. अर्थिंगची उघडी तांब्याची तार पत्र्याला किंवा अ‍ॅल्युमिनियमला टेकवू देऊ नका. खाऱ्या ओलीत तांबं भिडलं की अ‍ॅल्युमिनियम किंवा पत्र्यावरचं जस्त आधी खाल्लं जातं.

आणि पॅनल व पत्रा यांच्यात हात जाईल एवढी जागा ठेवा. आम्ही आता वीतभर ठेवली आहे. तिथून वारा खेळतो, पॅनल थंड राहून वीज बरी देतं, आणि महत्त्वाचं म्हणजे पाइपनं गोडं पाणी मारून खालचं मीठ धुता येतं. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा आणि मग उन्हाळा सुरू होईपर्यंत महिन्याला एकदा, एवढंच. पत्रा कोणता घ्यायचा यावर पत्रेवाले तासभर बोलतील. मी एवढंच सांगेन की रंग बघू नका, जाडी आणि जस्त-अ‍ॅल्युमिनियमच्या थराची जाडी विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

आमचं ठरलं होतं असं: १२ मेला उतरवायचं, २२ ला परत चढवायचं. पण त्या साली मॉन्सूनला घाई होती. त्याआधीच पाऊस कोसळायला लागला, आणि २५ मेला तर मॉन्सून देवगडला पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीरच केलं. एरवी आपल्याकडे तो जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. नशिबानं पत्रे बसून झाले होते. पण ओल्या पत्र्यावर कोणाला चढवायचं? पॅनलं ओटीवर, माणसं पॅनलांना वळसा घालून घरात, असे दिवस काढले. जूनच्या सुरुवातीला उघडीप मिळाली तेव्हा ४ तारखेला काम झालं. तेवीस दिवस सोलर बंद. स्वच्छ उन्हात आमचं तीन किलोवॅट दिवसाला बारा युनिटच्या आसपास देतं, पावसात निम्मंही नाही, तेव्हा दीडशे-दोनशे युनिट बुडाले म्हणायचे. त्यातही वेळ चुकली. नेट मीटरमध्ये, म्हणजे घेतलेली आणि ग्रीडला दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरमध्ये, शिल्लक पडलेले युनिट आर्थिक वर्षाच्या शेवटी, ३१ मार्चला हिशेब करून संपवले जातात आणि एप्रिलपासून पाटी कोरी होते. मी मार्चमध्ये काम काढलं असतं तर थंडीत साठलेल्या युनिटांवर ते दिवस निघून गेले असते, पाऊसही आडवा आला नसता. फक्त मार्चमध्ये माणसं आंब्याच्या मागे असतात, हेही खरं.

परत बसवल्यावर इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लागला, मुलं हात धुऊन चहाला बसली. मी वही काढली आणि म्हटलं, इन्व्हर्टर बंद करून एकदा माप घ्या. मीटरवर आलं ३३८. मुलगा म्हणाला, "काका, ढगाळ आहे ना, कमी येणारच." ढगानं प्रवाह खूप पडतो, व्होल्टेज फारसं नाही. उलट हवा थंड झाल्यामुळे व्होल्टेज पूर्वीपेक्षा थोडं जास्त यायला हवं होतं. ३३८ ला नऊनं भागलं तर ३७ येतं, जे कुठेच बसत नाही. आठनं भागलं तर ४२, आणि ते अगदी चपखल बसतं. म्हणजे माळेत आठच मणी होते. मग कबुली आली. सात नंबरच्या पॅनलची वायर पत्र्याच्या धारेनं कापली गेली होती, तेव्हा ते पॅनल जागेवर बसवून जोडण्यातून वगळलं होतं, "नंतर सांगणार होतो". वरून नऊच्या नऊ चमकत होते. इन्व्हर्टर आठवर आनंदानं चालला असता आणि मला वर्षभर नववा भाग वीज कमी मिळाली असती, तीही कळणार नाही अशी. दुसऱ्या दिवशी वायर बदलली, मीटरवर ३८० आलं, मग चहा.

वायर दुखावली असेल तर किनाऱ्यावर ती आणखी एका मार्गानं बोलते. पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी इन्व्हर्टर लाल दिवा दाखवून बसतो, दुपारी वायर सुकली की आपोआप सुरू होतो. लोक म्हणतात मशीन ओलं झालं. मशीन नाही, कुठेतरी वायरीची कातडी सोललेली असते आणि वीज ओल्या चौकटीत उतरते. त्या वेळी पत्र्याला हात लावायचा नाही. बसवून झाल्यावर मेगर नावाच्या मीटरनं वायरीचं इन्सुलेशन, म्हणजे ही कातडी, तपासून घेतलं तर ही वेळ येत नाही. त्याच दिवशी अर्थिंगही मापून घ्या, पाच ओहमच्या आत हवं. आपली जांभ्याची जमीन मेमध्ये कोरडीठाक असते, तेव्हा आकडा चढतो, म्हणून खड्ड्यात आधी चार-पाच बादल्या पाणी. छपराबरोबर आकाशातली वीज जमिनीत नेणारा दांडाही उतरवलेला असतो आणि परत लावायचा राहून जातो. वळवाच्या विजा कुणासाठी थांबत नाहीत.

कागदांचं थोडक्यात. नेट मीटर आणि त्याची सील महावितरणची, तिथे कोणीही हात घालायचा नाही. तीच पॅनलं, तेवढीच क्षमता त्याच घरावर परत बसत असेल तरी काम सुरू करण्याआधी उपविभागाला लेखी कळवून पोच घ्या. एखादं पॅनल वाढवायचं असेल तर तो वेगळा अर्ज. पीएम सूर्यघर योजनेतून अनुदान घेतलेल्यांनी, ज्यात तीन किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात, आधी बसवणाऱ्या एजन्सीलाच फोन करावा. त्या योजनेत पाच वर्षांची देखभाल तिच्याकडे असते आणि दुसऱ्यानं हात लावला तर पुढच्या तक्रारीत तेच निमित्त होतं. उतरवणं आणि चढवणं या दोन फेऱ्या आहेत, भाव दोन्हींचा मिळून ठरवा, आणि नवे क्लॅम्प, नवी वायर, फुटलेलं पॅनल कोणाच्या अंगावर, हे आधी लिहून घ्या. पत्रेवाला म्हणणार सोलरवाल्यानं फोडलं, सोलरवाला म्हणणार पत्रेवाल्यानं. उतरवल्यावर ओटीवर दोघांना उभं करून पॅनलांचे फोटो काढले की हा वाद होत नाही.

ज्यांचं घर अजून कौलारू आहे त्यांना माझा सल्ला, कौलांवर पॅनल बसवूच नका. कौल सरकवून वाशाला हूक मारता येतो, कंपन्या तसं करूनही देतात. पण कौलारू घराला दरवर्षी हात फिरवावा लागतो, वानरं उड्या मारून कौलं फोडतात, आणि पॅनलखालचं फुटकं कौल बदलायचं म्हणजे पुन्हा वीज बंद करण्यापासून सगळं. आमच्या वरच्या वाडीतल्या काकांनी हा विचार आधीच केला. त्यांनी परसात चिऱ्याच्या चार खांबांवर लोखंडी मांडव घातला, त्यावर पॅनलं, खाली गुरांचा चारा आणि स्कूटर. घराची शाकारणी अजून दोन गड्यांत होते. फक्त मांडवाशेजारच्या माडाच्या झावळ्या वेळच्या वेळी उतरवाव्या लागतात, आणि माडावर चढणारा माणूस मिळणं हल्ली सोलरवाला मिळण्यापेक्षा अवघड झालंय, असं ते म्हणतात.